खण, नारळ आणि फुल चार्ज

तानीमावशीच्या घरी चार्जिंग नाही, हे आता किन्हवलीपासून खर्डीपर्यंतच्या सगळ्या लग्नघरांना माहीत आहे. घरात वीज आहे, मीटर आहे, आणि त्या मीटरवर दोन बल्ब, एक पंखा आणि मुलाचा मोबाइल गुण्यागोविंदाने नांदतात. पण घर टेकाडावर आणि रस्ता टेकाडाखाली. रस्ता जिथे संपतो तिथे एक आंबा, आणि आंब्याखाली मावशीची निळी इलेक्ट्रिक स्कूटर. बॅटरी गाडीच्या पोटात घट्ट बसवलेली, त्यामुळे ती काढून डोक्यावर घेऊन वर जायचीही सोय नाही. मुलाने, म्हणजे साईनाथने, एकदा एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत वरून खाली वायर आणली होती. ती वाटेत शेजारच्या शेळीने चघळली. शेळी वाचली, वायर गेली, आणि शेजारीण आठवडाभर बोलत होती, "माज्या शेलीला काय झालं असतं म्हंजे?"

"मग गाडी घेतली कशाला?" असं कुणी विचारलं की मावशी म्हणते, "तुमच्या पोरांमुले."

हे मात्र खरं आहे. मावशी धवलारीण. आपल्याकडच्या लग्नात हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणणारी बाई. कागद नाही, पुस्तक नाही. सगळं आतेकडून ऐकून ऐकून डोक्यात बसलेलं. धवल्याची चाल जुनी, पण नावं ताजी. ज्या घरात लग्न, त्या घरातल्या आजा-आजीपासून करवलीपर्यंत सगळ्यांची नावं मावशी गाता गाता ओवत जाते. ज्याचं नाव येतं तो उगाच मिशीवरून हात फिरवतो, जिचं येतं ती पदर सारखा करते.

तर पूर्वी मावशीला न्यायला लग्नघरातून एखादा पोरगा बाइक घेऊन यायचा. म्हणजे येणार असायचा. "मावशी, निघालोच, पाच मिनटात पोचतो!" आणि मागून साबण चोळल्याचा, बादलीत मग बुडवल्याचा आवाज. पोरगा अंघोळ करत असायचा. एकदा एकाने मावशीला बाइकवर बांधलेल्या आइस्क्रीमच्या पेटीवर बसवून नेलं. उतरल्यावर पहिले दोन धवले तिने उभ्यानेच म्हटले, कारण बसायची सोय राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी साईनाथला ती म्हणाली, "मला माजी गाडी पायजे." साईनाथने कंपनीतल्या एकाची वापरलेली स्कूटर आणून दिली, आणि भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात आईला शिकवायला घेतली.

"आये, ब्रेक! ब्रेक!"

"अरे, तो मगासपासून दाबलाय!"

"तो हॉर्न हाय!"

तोही नावालाच हॉर्न. हॉर्न बंद होता, तो आजही बंदच आहे. आणि गाडी तर मांजरासारखी. मावशी मागून येते हे कोंबडीलाही कळत नाही, माणसाला काय कळणार! म्हणून मावशी गाडी चालवताना गाते. वळणावर जरा वरच्या पट्टीत. खाली बाजाराच्या रस्त्याला धवल्याचा सूर आला की लोक आपोआप कडेला होतात. "सरका रे, मावशी आली."

राहिला प्रश्न चार्जिंगचा. तो तिने धवलारणीच्या मानातच घालून टाकला. मान ठरलेला असतो: खण, नारळ, सुपात तांदूळ. मावशी त्यात एक ओळ वाढवते, "आनि फुल चार्ज."

पहिल्या घरच्या म्हाताऱ्याने विचारलं होतं, "फुल म्हंजे कवढा गो?"

"पाव्हन्याला कवढा वाढता? नको नको बोलला तरी आनखी एक वाढता ना? तवढा."

म्हाताऱ्याला हिशेब पटला. लग्नसराईत मांडव तिथे लाइट, लाइट तिथे सॉकेट, सॉकेट तिथे मावशीची गाडी. पावसाळ्यात लग्नं नसतात तेव्हा ती भातगिरणीत गाडी लावून येते, आणि गिरणीवाला चार्जिंगच्या बदल्यात तिच्याकडून जुन्या लग्नांतल्या गमती ऐकतो. पावसाळा संपेपर्यंत त्याला तालुक्यातल्या निम्म्या घरांची भांडणं पाठ होतात.

मांडवातल्या सॉकेटला आणखी एक मालक असतो. डीजे. आणि या बाजूच्या हळदींना डीजे म्हणजे दीपेश. तो माइकवरच जन्मला असावा. "हॅलो, चेक, चेक, वन टू, आवाज येतो का मागे?" मागे म्हणजे पार नदीपलीकडे. मावशीचा चार्जर लागला की याचा स्पीकरचा एक डबा बंद होतो, डबा लागला की तिची गाडी उपाशी. पण दोघांचं भांडण तसं लाडाचं. या वर्षी मात्र दीपेशने खिशातून एक पेनड्राइव्ह काढून मावशीच्या डोळ्यांपुढे नाचवला.

"मावशी, यात सगले धवले हायेत. हळदीचे, तेलाचे, बाशिंगाचे. फुल क्लिअर. तुमी दमल्या तर सांगा, मी लावतो."

"दमली तर सांगन," मावशी म्हणाली. "तवर खिशात ठेव, उन्हात नासल."

हसली ती, पण रात्री भाकरी थापताना तेच डोक्यात फिरत होतं. डीजे तर आलेलाच असतो. त्याच्याच यंत्रातून धवला निघत असेल, तर धवलारणीला निरोप कोण धाडेल? त्यातच खर्डीच्या अलीकडच्या एका गावातून जनाचा फोन आला. जनाच्या मुलीची, भूमिकाची, हळद.

"मावशी, तुमी याच," जना म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पन आमचे हे काय बोलतात ऐका. बोलतात, संध्याकालची हळद उजेडातच लागली पायजे, फोटोवाला तसाच बोल्लाय. तुमी टाइमात आल्या तर तुमी. नाय आल्या तर दीपेशचा पेनड्राइव्ह."

"येते म्हंजे येते," मावशी म्हणाली. "माजी गाडी हाय आता."

पण त्याच दिवशी सकाळची एक हळद किन्हवलीच्या पुढे होती. एका दिवसात दोन हळदी म्हणजे आंब्याखालून निघतानाच गणित करावं लागतं. गणित सोपं होतं. अर्ध्या चार्जवर सकाळच्या घरी जायचं, गाता गाता गाडी भरून घ्यायची, आणि भरल्या गाडीने शहापूरवरून खर्डीकडे सुटायचं.

सकाळच्या घरी मावशीने पडवीत गाडी लावली, चार्जर जोडला, लाल दिवा लागलेला पाहिला आणि जात्यापाशी जाऊन बसली. पहिला धवला झाला, दुसरा झाला, आणि लाइट गेली. दीपेशचा कुणी भाऊबंद तिथे डीजे होता, तो जनरेटरला शिव्या देत बसला. मावशीला काही फरक पडला नाही, ती लाइटवर चालत नाही. हळद लागली, नवरा पिवळा झाला, आणि मग जे होतं ते झालं. उरलेली हळद घेऊन बायकापोरी सुटल्या. काका पिवळा, आचारी पिवळा, ट्रॅक्टरचं तोंड पिवळं. नवऱ्याची धाकटी बहीण वैष्णवी पडवीत आली आणि तिला निळी स्कूटर कोरडी दिसली.

"अगो, ही एकटीच ऱ्हायली! ही पन पाव्हनीच ना?"

आपल्याकडे कोरडा पाहुणा म्हणजे लग्नघराला बट्टा. वैष्णवीने हँडलला लावली, सीटला लावली, आरशाला गालासारखी लावली. मग तिला चार्जिंगच्या भोकाचं उघडं झाकण दिसलं. लाइट गेली म्हणून कुणीतरी चार्जरची पिन काढून ठेवली होती. हळद लावताना कान विसरायचे नाहीत हे तिला आजीने शिकवलं होतं. तिने तेलात कालवलेली ओली हळद दोन बोटांवर घेतली आणि गाडीच्या त्या कानात नीट, आतपर्यंत, प्रेमाने भरली.

लाइट आल्यावर मावशी पिन लावायला गेली. पिन आत जाईना. वाकून बघते तर आत पिठलं.

"कोनी केला हा?"

वैष्णवी हळदीच्या हातांनी पुढे आली. "मी, मावशी. छान दिसते ना?"

आता या पोरीला काय बोलायचं! मावशीने पदराच्या टोकाने खरवडलं, काडीने खरवडलं. पिवळं बोट पिवळंच राहिलं. उन्हाकडे बघितलं, गाडीच्या काट्याकडे बघितलं. काटा अर्ध्याच्याही खाली. तिने खण-नारळ सीटखाली टाकला, चार्जर पिशवीत घातला, आणि एखाद्या नव्या नवरीसारखी पिवळीधमक गाडी घेऊन निघाली.

शहापूरपर्यंत लोक हसत होते. "मावशी, गाडीचं लग्न जमलं काय?" एका एस.टी.च्या कंडक्टरने खिडकीतून विचारलं, "नवरा कोन, डिझेल का पेट्रोल?" मावशीने त्यालाही उत्तर दिलं असतं, पण उताराला गाडी मोकळी सोडायची आणि चढाला गाणं बंद ठेवायचं, असं तिचं चाललं होतं. गाण्याने बॅटरी संपते असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण उगाच कशाला! हायवेला लागली तेव्हा काटा लाल झाला. हायवे सोडून गावाच्या रस्त्याला वळली तेव्हा गाडी माणूस चालतो तशी चालू लागली. मग म्हातारा माणूस चालतो तशी. आणि पहिल्याच चढाला, करवंदीच्या जाळीशेजारी, तिने एक सुस्कारा टाकला आणि थांबली.

उजेड अजून होता. गावही फार लांब नव्हतं. पण पायी जायचं तर हळद लागून जाणार. मावशीने जनाला फोन लावला. फोन उचलला, पण जनाच्या आवाजाआधी दुसराच आवाज आला. धवला! गोड, घोटीव, फुल क्लिअर. कुणीतरी बाई गात होती की नारायणमामा आले, नारायणमामाने साडी आणली.

"जना, कोन गो हा नारायनमामा?"

"मला काय म्हायती!" जना रडकुंडीला आली होती. "मावशी, तुमी कुठे हाव? यांनी पेनड्राइव्ह लावला आनि इथे..." पुढचं ढोलकीत बुडालं. फोन गेला.

मावशी रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. गाडीकडे बघितलं. "तुला मी याच्यासाठी आनली काय?" गाडी गप्प. ती बोलत नाही हाच तर तिचा गुण.

तेवढ्यात गावाच्या बाजूने एक पिकअप धुरळा उडवत आला. आत एकच माणूस. डोक्याला फेटा, कपाळाला कुंकू आणि तोंड असं, की कुणीतरी त्याच्या ताटातला लाडू उचलून नेलाय. मावशीने हात केला. पिकअप पुढे गेला, थांबला आणि रिव्हर्समध्ये परत आला.

"काय झालं मावशी? ही पिवली गाडी कोनाची?"

"माजी. बंद पडली. तू बाबा लग्नातून निघालास ना? हळद लागली का?"

"लागल कशी!" त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. "मामाने नारल फोडल्याबिगर त्या घरात हळद लागत नाय. आनि मामा मी! धाऊ! भूमिकाचा सख्खा मामा! जनाच्या पाठचा! म्हशीचा तबेला सोडून आलो, साडी आनली, नारल आनला, आनि मांडवात गातात काय? नारायनमामा! अरे कोन नारायन? मी दीपेशला इचारलं, कोन रे हा नारायन? तो बोल्ला, मामा, अॅडजस्ट करा, अलिबाग साइडचा हाय. आता मी अलिबागच्या नारायनाला अॅडजस्ट करू? बोल्लो, त्यालाच बोलवा नारल फोडायला. आनि निघालो. आता त्या मांडवात पाय ठेवनार नाय. शपथ घेतली मी."

मावशीच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू उमटलं, ते तिने पदराने झाकलं.

"बरोबर केलास," ती म्हणाली. "पाय नको ठेवूस. मामाच्या शपथेला किंमत हाय. बायकोचं नाव काय तुज्या?"

"अंजू. का?"

मावशीने दगडावर बसल्या बसल्याच सूर लावला. करवंदीच्या जाळीतले पक्षी आधी उडाले आणि मग परत येऊन बसले.

*हळद दलितां गो, जात्याला घाम सुटला,*
*धाऊमामाचा पिकअप, घाटाखाली उठला,*
*अंजूमामीच्या हाती गो, साडीचा पदर दाटला.*

धाऊने पिकअप बंद केला. मग दरवाजा उघडला. मग घसा साफ केला.

"पिकअप पन येतो यात?"

"मामाचा हाय तर येनारच."

"आनि म्हशी?"

"किती हायेत?"

"मोजू नका, नजर लागंल. नुसतं तबेला बोला." मग त्याला आठवलं. "पन मावशी, मी शपथ घेतली."

"पायाची घेतलीस ना? चाकाची तर नाय? मांडवाच्या तोंडाशी गाडी लाव आनि आतच बसून ऱ्हा. मी गाते. तू ऐक. ऐकायला काय शपथ आडवी येत नाय."

धाऊने फेटा सारखा केला. फळी लावून दोघांनी स्कूटर पिकअपमध्ये चढवली. साडीची पिशवी मावशीने मांडीवर घेतली, नारळ धाऊने खिडकीपाशी ठेवला, आणि पिकअप वळला.

मांडवात सगळं खोळंबलं होतं. भूमिका पिवळ्या साडीत पाटावर बसून कंटाळून माश्या वारत होती. जना हळदीची वाटी धरून एकाच जागी उभी. तिचा नवरा फोटोवाल्याला सांगत होता, "थांब रे, ऊन अजून हाय," आणि फोटोवाला वर बघून म्हणत होता, "आहे, पण जातंय." पेनड्राइव्हवरचा नारायणमामा तिसऱ्यांदा साडी आणत होता.

पिकअप मांडवाच्या तोंडाशी थांबला. मावशी उतरली, थेट दीपेशपाशी गेली.

"बंद कर रे बाला. त्या नारायनाला जरा बसू दे, दमला असंल."

"मावशी, मी काय मुद्दाम..."

"तुजा काय दोष! माइक पन नको. बंद कर नुसता."

आवाज बंद झाला आणि सगळ्या गावाला एकदम आपापले कान असल्याचं आठवलं. मावशी पाटाशेजारी बसली. आधी गावाचं नाव घेतलं, मग देवाचं, मग आजा-आजीचं. भूमिकाचं नाव आलं तशी भूमिका ताठ बसली. जनाचं आलं तशी जनाने वाटी दुसऱ्या हातात घेतली. आणि मग मामाचं कडवं आलं. धाऊमामा, त्याचा पिकअप, घाटाखालचा रस्ता.

पिकअपचा दरवाजा उघडला. एक पाय बाहेर आला आणि हवेतच राहिला.

मावशीने ते तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि कडवं लांबवलं. तबेला आला, दूध आलं, अंजूमामी आली. अंजूमामी मागे बायकांत नवऱ्यावर चिडून बसली होती, ती ओरडली, "आता या की उतरून! माजं पन नाव आलं, मी काय एकटी नाचू?"

दुसरा पाय बाहेर आला. जमीन लागली तशी धाऊने शपथेकडे दुर्लक्ष केलं, साडीची पिशवी काखेत मारली, नारळ उचलला आणि मांडवात येऊन असा फोडला की अर्धं खोबरं फोटोवाल्याच्या पायाशी पडलं. "आता काढ फोटो!" जनाने भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, रडली, हसली आणि त्याच हाताने लेकीला हळद लावली. उन्हाचा शेवटचा पिवळा तुकडा मांडवात होता, तेवढ्यात लागली.

भूमिकाच्या मेकअपसाठी प्रियांका नावाची पोरगी शहापूरहून आली होती. गाडीचं दुखणं ऐकून ती पर्समधून एक बारीक ब्रश आणि केस वाळवायचं बॅटरीवरचं मशीन घेऊन आली. "मावशी, गाडी पूर्ण बंद आहे ना? मग पहिला फेशियल काढू." तिने गाडीचा कान असा हलक्या हाताने साफ केला की बघणाऱ्या दोघी-तिघींनी आपले चेहरे पुढे केले. सुकं फडकं, ब्रश, मग गरम वारा. बराच वेळ वारा. शेवटी मावशीने पिन लावली. ती बसली. आता फक्त सॉकेट पाहिजे होतं. सगळी दीपेशच्या डब्यांनी अडवलेली.

"डीजे," धाऊ म्हणाला, "एक डबा काढ."

"मामा, बेस जाईल!"

"जाऊ दे."

"मामा, पोरांना बेसशिवाय नाचता येत नाय."

"मी नाचून दाखवतो. काढ."

दीपेशने कपाळाला हात लावत वायर ओढली, आणि चार्जरवर लाल दिवा लागला. तो तिथेच उकिडवा बसला, मावशीकडे बघत. "मावशी, खरं सांगू? तुमचाच आवाज भरून घेऊ का पेनड्राइव्हमधे? मग तुमाला येवढी धावपल नाय. घरी बसा."

"भर ना," मावशी म्हणाली. "आनि मामा कुनाचा टाकशील?"

दीपेशने डोकं खाजवलं, धाऊकडे बघितलं आणि विषय सोडला.

तोवर पाहुण्यांतली एक बाई जवळ आली. मुरबाडकडची, जनाच्या नवऱ्याच्या नात्यातली. पुढच्या महिन्यात तिच्या मुलाची हळद होती. आतापर्यंत ती डीजेवरच भागवणार होती, पण धाऊमामाचे दोन पाय एकेक करून जमिनीला लागताना तिने पाहिले होते.

"मावशी, याल का मुरबाडला? लांब हाय पन. गाडीला जमेल का?"

"गाडीचं मग बगू. मामाचं नाव सांग."

बाईने दोन्ही हात पुढे केले आणि बोटांवर मोजायला घेतलं. "थोरला शाम. मग बुधू. मग रघू. मग दोन जुलेभाव हायेत, त्यांचं एकमेकांशी पटत नाय, एकाचं आधी घेतलं तर दुसरा जेवत नाय..."

एका हाताची बोटं संपली. तिने दुसरा हात सुरू केला.

"थांब, थांब," मावशी चार्जरची रिकामी पिशवी मांडीवरून खाली ठेवत म्हणाली आणि भिंतीला नीट टेकून बसली. "येवढे मामा असतील तर जातानाचं चार्जिंग तुज्याकडे, आनि येतानाचं पन. हां, आता सांग. जुल्या भावांत रुसका कोन?"